पाच जून की सहा मे

शुभदाताई कुठल्याही नव्या फॉर्मची परीक्षा जन्मतारखेपासून सुरू करायच्या. इंदूरच्या पलासियातल्या आमच्या ऑफिसात वेबसाइटी बनायच्या आणि ताई तिथल्या सगळ्यांत सीनियर. फॉर्म दाखवला की त्यात आपल्या वडिलांची जन्मतारीख टाकायच्या. कॅलेंडरात एकेक महिना मागे जावं लागलं की माउस सोडून द्यायच्या. "भिया, अडतीस सालापर्यंत पोचेस्तोवर बाबा कंटाळून उठून जातील. तारीख हाताने लिहू दे ना."

अशा बाईंच्याच हातून चूक झाली. डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी त्यांनी अपॉइंटमेंटचा फॉर्म केला होता. लोक आधी दिवस, मग महिना लिहायचे. आतली यंत्रणा उलटं वाचायची, ६/५ लिहिलेला सहा मे तिथे पाच जून व्हायचा. ताईंनी तपासताना पंचवीस तारीख टाकली होती. पंचविसावा महिना नसतोच, त्यामुळे ती बरोबर वाचली गेली.

तक्रारी आल्यावर ताईंनी एकेकाला स्वतः फोन लावला. मानपूरच्या दळवीकाकांचा फोन त्यांच्या मुलाने उचलला. काका सहा मेला बसने एकटेच इंदूरला आले होते. काउंटरवर सगळ्यांसमोर त्यांना ऐकवलं गेलं, "काका, तारीख नीट बघून येत जा." मुलगा म्हणाला, "त्यांचं आता असंच होतं, मॅडम. विसरतात. आम्ही त्यांना एकटं सोडणंच बंद केलंय."

ताईंनी फोन ठेवला. "सॉरीचा मेल टाकून देऊ," मी म्हणालो. त्यांनी दळवीकाकांचा पत्ता काढला. रविवारी आम्ही मानपूरला गेलो.

घरातली सगळी माणसं बसली होती. ताईंनी चहाला हात लावला नाही. मान खाली घालून म्हणाल्या, "काकांनी तारीख बरोबरच टाकली होती. चूक माझी होती. ते काही विसरले नव्हते."

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीकडे बघत राहिला. काका हळूच म्हणाले, "मलाही वाटायला लागलं होतं, की आपलं डोकं गेलं." मग त्यांनी ताईंना हात जोडले. "तुम्ही एवढ्या लांब आलात, बरं केलंत."

परतताना महू मागे पडलं. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "रागावले असते तर बरं झालं असतं रे. हात काय जोडले त्यांनी."