दीड जायफळ

डिसेंबरातल्या सकाळी नदीवर धुकं असं काही उतरायचं की येरवड्याकडून बंडगार्डनच्या पुलावर पाऊल टाकलं की पुढचं टोक दिसायचंच नाही. हिराबाई रणपिसे रोज सातच्या सुमारास त्या धुक्यात शिरायच्या आणि दहा मिनिटांनी पलीकडे बाहेर यायच्या. मधली दहा मिनिटं त्यांची स्वतःची. खाली जलपर्णीवर बगळे बसलेले असायचे, पण दिसायचे ते नुसते पांढरे ठिपके. बाजूने सायकली जायच्या, त्यांची आधी घंटी ऐकू यायची आणि मग माणूस. हिराबाईंना वाटायचं, आपण अजून उठलोच नाही, अंथरुणातच आहोत आणि पाय तेवढे कामावर निघालेत.

१९९९ चं साल संपत आलं होतं. हिराबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. पुलापलीकडच्या एका तीनमजली इमारतीत संगणकाचं काम करणारी कंपनी होती, तिथे त्या पॅन्ट्री सांभाळायच्या. म्हणजे कपबशा विसळायच्या, पाणी भरायचं, टेबलं आणि फरशी पुसायची, आणि सगळे यायच्या आत कीबोर्डवरची धूळ मऊ फडक्याने टिपायची. त्यांचे यजमान बाबुराव छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. संगणक आला आणि खिळ्यांचे खण भंगारात गेले, तसे बाबुराव घरी बसले. "माझी भाकरी ज्यानं नेली, त्याची धूळ तू पुसतेस," असं ते कधीकधी म्हणत. पण त्यात राग नसायचा. बायकोला पोचवायला ते पुलाच्या तोंडापर्यंत येत आणि ती धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत उभे राहत.

त्या वर्षी दिवाळीनंतर हिराबाईंना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना त्यांच्या नाकातला वास घेऊन गेला. आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही. एका सकाळी त्यांनी फोडणी टाकली, कढीपत्ता तडतडला, आणि त्यांना एकदम भीती वाटली. आवाज होता, धूर होता, पण बाकी काहीच नव्हतं. जग कोणीतरी काचेपलीकडे नेऊन ठेवावं तसं. चवही निम्मी गेली. गोड, खारट, कडू एवढं कळायचं, पण ते कशाचं गोड आणि कशाचं कडू, ते सांगता येईना. दोन-तीनदा डाळ लागली तेव्हा बाबुरावांनी ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसू लागले आणि मधूनच म्हणू लागले, "झालं बघ, उतरव."

ऑफिसात मात्र हिराबाईंनी कोणाला कळू दिलं नाही. पॅन्ट्रीतल्या बाईला नाक नाही म्हटल्यावर नासलेलं दूध कोण ओळखणार? उद्या दुसरी बाई आणतील. त्या दूध रोज उकळून बघत, आणि फाटलं नाही की मनातल्या मनात हात जोडत.

ते दिवस कंपनीतही विचित्रच होते. एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता जगातले संगणक वर्ष विसरणार आणि सगळा घोळ होणार, अशी बोलवा होती. लंडनच्या एका विमा कंपनीचं काम इथे होतं, त्यामुळे सगळ्यांच्या रजा रद्द. अठरा पोरं-पोरी तीन आठवडे घरी फक्त अंघोळीला जात होती. त्यांचा प्रमुख माधव, सदाशिव पेठेतला, चाळिशीचा, बोलला की समोरच्याला आपण जन्मलो कशाला असं वाटावं असा माणूस. पण तोही त्यांच्याबरोबर तिथेच असायचा, आणि त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं सगळ्यांत काळी होती.

चोवीस तारखेला दुपारी पूर्वा पॅन्ट्रीत आली. ही कोल्हापूरची पोरगी, पहिलीच नोकरी, दिवाळीतही घरी गेली नव्हती. मशीनमधून तिने कॉफी घेतली, एक घोट प्यायली आणि कप तसाच बेसिनमध्ये ओतला.

"मावशी, अख्ख्या जगाला नाताळची सुट्टी आहे. आपल्याला निदान कॉफी तरी माणसांची नको?"

"नाताळची कॉफी?" हिराबाई हसल्या. "ती मी लहानपणी पाहिली आहे. माझे वडील करायचे."

आणि मग त्या कधी नव्हे ते सांगत बसल्या. त्यांचे वडील धोंडिबा कॅम्पात डिसूझाबाईंकडे स्वयंपाकी होते. पियानो शिकवणारी एकटी बाई. गावातल्या किती घरांत धोंडिबांना ओट्यापर्यंतही कोणी येऊ दिलं नसतं, पण या घराच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. छप्पन्न साली धोंडिबांनी धम्म घेतला, तेव्हा डिसूझाबाईंनी त्यांना पांढरा शर्ट शिवून दिला होता. दर नाताळला सकाळी त्या घरी मंडळी जमायची, आणि धोंडिबा मोठ्या पातेल्यात कॉफी करायचे. दुधात दालचिनी, दोन-चार लवंगा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, गूळ शेवटी, आणि सगळ्यात शेवटी जायफळ. लहानगी हिरा जिन्यावर बसलेली असायची. धोंडिबा जायफळ किसत म्हणायचे, "वास जिन्यापर्यंत आला की सांग, मग मी थांबतो." हिरा ओरडायची, "आला!" आणि जायफळ थांबायचं.

"मावशी, करा ना तशी," पूर्वा म्हणाली. "मी सामान आणते."

नाही म्हणायला हिराबाईंनी तोंड उघडलं, पण पोरगी तोवर जिना उतरून गेलीसुद्धा.

अर्ध्या तासाने विजेच्या शेगडीवर पातेलं चढलं. पॅन्ट्रीची खिडकी पश्चिमेला होती. तीन वाजताचं थंडीतलं ऊन, हळदीच्या दुधासारखं, ओट्यावर सांडलं होतं. दूध तापलं तसे हिराबाईंचे हात आपोआप चालू लागले. लवंग, दालचिनी, साल. गूळ विरघळताना पातेल्यात सोनेरी रेघा उमटत गेल्या. वाफ त्यांच्या तोंडावर आली, चष्म्यावर बसली आणि पॅन्ट्री धूसर झाली. क्षणभर त्या डिसूझाबाईंच्या घरात होत्या, बाहेरच्या खोलीत कोणीतरी पियानोवर एकच सूर पुन्हा पुन्हा दाबत होतं. त्यांनी जायफळ हातात घेतलं आणि किसू लागल्या.

किती किसायचं, ते त्यांना कधीच माहीत नव्हतं. ते जिन्यावर ठरायचं. त्या किसत राहिल्या आणि वाट पाहत राहिल्या. वाफ येत होती, पण वास येत नव्हता. अजून थोडं. अजून. एक जायफळ संपलं. दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा बोटाला किसणी लागली आणि त्या भानावर आल्या. चव घेऊन पाहिली. गोड होती, कडू होती. ठीक असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पोरांनी कॉफी प्रसादासारखी कपाळाला लावून प्यायली म्हणायला हरकत नाही. पहिल्या घोटाला दोघं-तिघं दचकली, पण थंडी होती, गूळ होता, आणि तीन आठवडे मशीनचं पाणी प्यायलेल्यांची तक्रार करायची तयारी नव्हती. सगळ्यांनी दुसरा कप मागितला. माधवने उभ्या उभ्याच दोन कप प्यायले आणि म्हणाला, "बरी आहे." त्याच्या तोंडून हे म्हणजे मानपत्रच.

हिराबाई कप गोळा करायला गेल्या तेव्हा हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं. कीबोर्डचा रोजचा पाऊस थांबला होता. पूर्वा हातांच्या घडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिच्यापलीकडचा चेतन खुर्चीत मागे रेलून, तोंड उघडं टाकून. तिसरा, चौथा, सगळी रांगच्या रांग. माधवचा गाल कीबोर्डवर होता आणि पडद्यावर एकाच अक्षराच्या ओळीच्या ओळी उमटत चालल्या होत्या. त्यांनी हळूच त्याचा हात बाजूला केला, तशी ती अक्षरं थांबली.

तान्ह्या बाळाला झोप यावी म्हणून जायफळ उगाळून चाटवतात, हे त्यांना आत्ता आठवलं. एकेकाजवळ जाऊन त्यांनी श्वास पाहिला. सगळे शांत, खोल श्वास घेत होते. कोणाच्या कपाळावरची आठी सुटली होती. इतके दिवस ही पोरं त्यांना पडद्यांच्या निळ्या उजेडात दिसली होती. आता खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या केसांवर, मानेवर, उघड्या तळव्यांवर सरकत होतं, आणि त्यात धूळ अगदी सावकाश तरंगत होती. त्यांना उठवायचं हिराबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी पडदे अर्धे ओढले, पूर्वाच्या खांद्यावर तिची शाल घातली, आणि मधल्या स्टुलावर जाऊन बसल्या, घर राखत बसावं तशा.

आणि फोन वाजला.

दुसऱ्या घंटीला कोणीतरी कूस बदलली. तिसरी वाजायच्या आत हिराबाईंनी रिसीव्हर उचलला. त्यांनी फोनला हात लावायचा नाही, हा तिथला नियम होता.

पलीकडून हॅरिस बोलत होता, लंडनच्या विमा कंपनीचा साहेब. या माणसाच्या नुसत्या नावाने पोरं उठून बसायची.

"गुड मॉर्निंग सर," हिराबाई कुजबुजल्या. "ऑल स्लीपिंग."

"ऑल?"

"ऑल. माधव सर स्लीपिंग. माय कॉफी, सर. मिस्टेक."

पलीकडे तो माणूस हसू लागला, आधी हळू, मग अगदी पोट धरून. त्याने लांबलचक काहीतरी सांगितलं, त्यातलं हिराबाईंना एवढंच कळलं की उठवू नका. शेवटी तो म्हणाला, "मेरी ख्रिसमस, मॅडम."

याचं उत्तर त्यांना कॅम्पातल्या त्या घरापासून पाठ होतं. "सेम टू यू, सर," त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर इतक्या हळू ठेवला की तो ठेवल्याचा आवाजही झाला नाही.

सव्वाचारला माधव उठला. गालावर कीबोर्डचे चौकोन उमटले होते. त्याने आजूबाजूला पाहिलं.

"सामुदायिक समाधी घेतली का सगळ्यांनी?"

हिराबाई उठून उभ्या राहिल्या आणि एका दमात फोनचं सांगून टाकलं. माधवचा चेहरा पांढरा पडला. त्याने लंडनला फोन लावला. एकेक जण डोळे चोळत उठत होता आणि त्याच्याकडे बघत होता. माधव नुसता "येस, येस" करत होता. रिसीव्हर ठेवून तो म्हणाला, "आपलं काम त्यांनी काल पूर्ण तपासलं. एक चूक निघाली नाही. उद्या सुट्टी घ्या म्हणतोय." मग हिराबाईंकडे वळून, "आणि मॅडमना नमस्कार सांगितलाय."

हॉलमध्ये एकच गलका झाला. त्या गलक्यात पूर्वा हिराबाईंजवळ आली.

"मावशी, किती जायफळ घातलंत?"

"दीड."

"दीड चमचा?"

"दीड जायफळ."

गलका थांबला.

"अहो, पाव पुरलं असतं! वास नाही आला तुम्हाला?"

हिराबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "नाही आला," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून कशाचाच येत नाही." मग महिनाभर दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं, ताप, लागलेली डाळ, दूध रोज उकळून बघणं. "तुम्ही दुसरी बाई ठेवा, सर. मी सांगायला हवं होतं."

माधव चष्मा पुसत होता. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"हिराबाई, या हॉलमध्ये निम्म्या लोकांना डोकं नाही. त्यांना मी काढलं का? मग तुमच्या नाकाचं काय घेऊन बसलात! दूध पूर्वा बघेल. जा आता घरी, उद्या सुट्टी आहे."

जानेवारीत पूर्वाने त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वास येईल तेव्हा येईल, न आला तर त्याच्याशिवाय जगायला शिका. एक जानेवारीला जगाचं काहीच बिघडलं नव्हतं, पोरं पुन्हा वेळेवर घरी जाऊ लागली होती.

वास परत यायला उन्हाळा उजाडला, आणि आला तोही वाट चुकल्यासारखा. मोगऱ्याला सायकलच्या ट्यूबचा वास यायचा. घासलेटला काहीच नाही. पण फरशीवर फिनेल ओतलं की हिराबाईंना पिकलेल्या पेरूंचा घमघमाट यायचा. त्यांनी हे बाबुरावांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "म्हणजे तू पगार घेऊन पेरूच्या बागेत फिरतेस की," ते म्हणाले. काही वास पुढे आपापल्या जागी गेले, काही गेलेच नाहीत. पेरू मात्र राहिले, आणि हिराबाईंना त्याबद्दल तक्रार नव्हती. सकाळच्या रिकाम्या इमारतीत लांबलचक फरशी पुसताना त्या डोळे मिटून घेत.

चोवीस डिसेंबरची कॉफी मात्र दर वर्षी होत राहिली. जायफळ किसताना पॅन्ट्रीच्या दारात कोणीतरी उभं राहायचं आणि "थांबा" म्हणायचं. पहिली दोन वर्षं पूर्वा. ती अमेरिकेला गेल्यावर चेतन. नवी पोरं येत गेली, त्यांना ती कॉफी कुठून आली हे ठाऊक नसायचं, पण सकाळपासून ती कप राखून ठेवायची.

२००५ मध्ये कंपनी हिंजवडीला मोठ्या काचेच्या इमारतीत जायची ठरली. तिथे बाहेरच्या ठेकेदाराचं कॅन्टीन असणार होतं, आणि येरवड्याहून रोज तेवढ्या लांब जाणं हिराबाईंना जमणारं नव्हतं. जुन्या जागेतल्या शेवटच्या डिसेंबरात खोक्यांचे ढीग लागले होते, खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या. तरी शेगडी बाहेर ठेवली होती. त्या दिवशी दारात माधव स्वतः येऊन उभा राहिला. हिराबाई किसू लागल्या. खिडकीतून तेच तिरपं ऊन येत होतं, पातेल्यावर वाफ चढत होती, आणि माधव काहीच बोलेना.

"सर, पुरे का?" हिराबाईंनी विचारलं.

"थोडं अजून," तो म्हणाला.

त्यांनी थोडं अजून घातलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तीन वाजता मीटिंग आहे ना तुमची?"

माधवने कप पुढे केला. "होती," तो म्हणाला. "आता पाचला ठेवू."