सोफ्यावरची ओल

पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन ससे आले ते मुलीच्या हट्टाने आणि टिकले तेही तिच्याच चिकाटीने. घरात नुकतंच इंटरनेट आलं होतं. त्यावर वाचून आमच्या दहा वर्षांच्या मास्तरीणबाईंनी सशांना शू-शीची जागा शिकवायला घेतली. हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा टब, त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, एका टोकाला वाळलं गवत, कारण ससा खाता खाताच उरकतो. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून टबातच टाकायच्या, म्हणजे वासावरून त्याला जागा कळते. आणि ओरडायचं अजिबात नाही. ही अट खास माझ्यासाठी होती, कारण आमच्याकडे ओरडण्याचं खातं माझं.

नवल म्हणजे ससे शिकले. महिन्याभरात मी लेंड्या वेचायचं विसरूनसुद्धा गेले.

मग माझी आई गेली आणि उरणला एकट्या पडलेल्या बाबाला मी घरी आणलं. जन्म होडीवर काढलेला माणूस, पण जावयाच्या घरात सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचा. त्याच सोफ्यावर काही दिवसांनी ओल दिसायला लागली.

"सशांनी केलंय. मी बगितलं," बाबा म्हणाला.

नवरा तसा शांत आहे. पण पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागल्यावर त्याने जाहीर केलं, ससे पळस्प्याच्या मित्राकडे जाणार, त्याला मोकळं अंगण आहे. मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"आई, सशाची शू वाळली की पांढरा डाग पडतो. सोफ्यावर कुठेय?"

कुठेच नव्हता. सोफा मीच पुसत होते, मला कधीच कळलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, पण चोर माझा बाप होता. जावयासमोर उघडा पडला असता तर तो त्याच दिवशी उरणच्या रिकाम्या घरात परत गेला असता, आणि तिथे त्याला गरम भात वाढणारं कोणी नव्हतं. मी पोरीलाच दटावलं, एक शब्द बोलायचा नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी मला बाबाचा राग आला, अगदी मनापासून आला.

रविवारी नवऱ्याने खोका आणला. ससे आत घातले, वर सुतळी बांधली. मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. तेव्हा बाबा उठला, खोक्यापाशी बसला आणि सुतळी सोडायला लागला.

"जावईबापू, ससं नाय. मी हाय. मला कलतच नाय कवा होतं."

नवरा त्याच्याशेजारी खाली बसला. "अहो बाबा, सांगायचं ना," एवढंच म्हणाला. संध्याकाळीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. मुलीने तर आजोबांना मिठीच मारली. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही.

बाबा राहिला. पण दुपारच्या जेवणानंतर तो पाणी पिईना. चहा दिला तर कप हळूच बाजूला सरकवायचा. मे महिना होता, उकाड्याने जीव जात होता आणि त्याचे ओठ तडकले होते. मी ग्लास पुढे केला की म्हणायचा, "तहान नाय."

एका संध्याकाळी माझा तोल गेला. "असा सुकून मरणार आहेस का तू?" मी ओरडले.

त्याने ग्लासकडे पाहिलं, घेतला नाही.

"सोफा सुका हाय ना, बाय?" तो म्हणाला.