पोचल्याचा फोन

रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा साड्या जास्त. बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार. त्यांच्या पगारात महिना निघत नसे, म्हणून आई पंडरीच्या कापडबाजारातून साड्या आणून फॉल लावायची. तिचे दोरे आमच्या भातातही सापडत. ती चौथी शिकलेली, बाबा आठवी. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिली, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगते.

शेजारच्या नलूकाकू आईला म्हणायच्या, "एवढं शिकवून का पोट्टीले विमान उडवाले लावतं?"

आई सुईत दोरा ओवत म्हणे, "हव. तुमच्याच छतावरून नेईन ते. पापड झाकून ठेवजा."

हवाई दलाच्या ट्रेनिंगला निघाले त्या सकाळी आई रडली नाही. तिने फक्त झाडू उचलून दारामागे आडवा ठेवला. माणूस बाहेर पडलं की लगेच मागून झाडू नये, हे तुमच्याकडेही असेल. लोक तासाभराने झाडतात. आईचा नियम कडक होता: पोचल्याचा फोन आल्याशिवाय केर काढायचा नाही. माझी गाडी लेट झाली की ओरडायची, "कधी पोचतं वं? घराचा उकिरडा झाला इकडं!"

माझं काम लढायचं नव्हतं, पोचवायचं होतं. दुरुस्त झालेलं हेलिकॉप्टर डेपोतून उचलायचं, सीमेजवळच्या तळावर उतरवायचं, कागदावर सही घ्यायची आणि मिळेल त्या गाडीने परत यायचं, पुढचं उचलायला. बाबा गल्लीत सांगत, "पोट्टी डिलिव्हरीचं काम करते." मला राग यायचा. आता वाटतं, बरोबरच सांगत होते.

मग सीमेवर लढाई पेटली. फोन जमा करायचे होते. त्याआधी घरी एकच फोन केला.

"आई, काही दिवस फोन नाही येणार."

"काहून?"

"काम आहे."

"बरं. केर राहू देतो मंग."

सहाव्या दिवशी फॉल लावता लावता तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. निरोप माझ्या मागे निघाला, पण तो एका तळावर पोचे तोवर मी दुसरीकडे उडालेली असे. मला कळलं तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. नंतर लॉगबुक उघडून पाहिलं. ती गेली त्या वेळी मी हवेत होते. हवामान स्वच्छ.

घरात पाऊल टाकलं तर पायाखाली दोरे. मोतिया, निळे, डाळिंबी. त्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. प्रेत उचललं की घर झाडून धुवायचं असतं. बाबांनी कुणाला झाडूला हात लावू दिला नव्हता.

नलूकाकू भिंतीशी बसल्या होत्या. "लोकं नावं ठेवून राहिले, पण तुझा बाप ऐकतच नाही. म्हनते, तिनं केर राहू दे सांगितलं हाये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोचली?"

"पोचले, बाबा."

मग आयुष्यात झाडू न धरलेला तो माणूस उकिडवा बसला आणि तिचे दोरे गोळा करत झाडू लागला. ते नीट जमत नव्हतं. मी मदतीला गेले नाही.

तुम्हा कॉलेजच्या सोबत्यांपैकी काही जण रायपुरातच राहिलात आणि काही जण माझ्यासारखे निघालात. मला आता माझं घर विचारलं तर पत्ता सांगता येत नाही. माझं सामान सरकारी क्वार्टरमध्ये आहे, आई कुठेच नाही. पण कुठेही उतरले की पहिला फोन बाबांना करते. ते "हव" म्हणतात, फोन बाजूला ठेवतात, बंद करायला विसरतात, आणि मला झाडूचा आवाज ऐकू येतो.

आईला एक सांगायचं राहून गेलं. त्या लढाईत माझ्या हाती नऊ हेलिकॉप्टरं दिली होती. नऊच्या नऊ धड पोचली.