शाखेचा पत्ता

बारामतीच्या कॉलेजात दलित विद्यार्थी संघटनेची शाखा काढायचं ठरलं तेव्हा आम्ही सात जण होतो. पुण्याच्या मुख्य कार्यालयाकडे अर्ज करायचा होता. तो मी लिहिला. उद्देश, नावं, सह्या, सगळं झालं. ‘शाखेचा पत्ता’ ही एक ओळ कोरी राहिली.

चौघं इंदापूर, कळंबहून रोज एसटीने येत. दोघी वसतिगृहात होत्या. तिथे संघटनेच्या नावाचं टपाल घेत नसत. शहरात खोली माझी एकट्याची होती.

ती साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कारकुनाच्या घरात, वरच्या मजल्यावर. त्यांना सगळे तात्या म्हणत. खोली घेताना त्यांनी कुठला म्हणून विचारलं होतं. मी वालचंदनगर, कंपनीची कॉलनी, असं सांगितलं. ते खरं होतं, वडील तिथे फिटर होते. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न वस्ती कुठली हा येतो. कॉलनी म्हटलं की बोलणं क्वार्टरपाशी थांबतं. माझं आडनावही दोन्हीकडे चालणारं. दोन वर्षं तेवढ्यावर निघाली.

भाडेकरूच्या पत्त्यात ‘द्वारा’ लिहून घरमालकाचं नाव घालतात. मीही ते घातलं, पण अर्ज पाठवला नाही. तात्यांना विचारायला हवं होतं, आणि विचारणं म्हणजे सांगणं होतं. अशी खोली त्या भाड्यात पुन्हा मिळाली नसती. कदाचित कुठलीच मिळाली नसती.

चार दिवस अर्ज बॅगेत राहिला. वाचनालयात मी तासाला तीनदा जागा बदलत होतो. काम नसताना स्टँडपर्यंत जाऊन परत येत होतो. शाखेची कल्पना जिची होती ती एसटीने येणारी कळंबची मुलगी, आमची सीनियर, पाचव्या दिवशी समोर येऊन बसली.

“शाखा कुठं हाय म्हणून सांगायचं? एसटीत, खिडकीच्या सीटवर?”

त्या संध्याकाळी मी अर्ज तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. कारखान्यात त्यांची सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर गेली होती.

“म्हंजी तू ह्यातला.”

“होय.”

“दोन वर्षं बोलला न्हाईस.”

“तुम्ही विचारलं नाही, तात्या.”

“कॉलनी म्हनलास. मग मी कशाला इचारू?”

त्यांनी पेन मागितलं. वर्तमानपत्राची कड पट्टीसारखी धरून स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली. घर क्रमांक राहू दिला. टपाल येऊ दे, पण माझं नाव नको, असं म्हणाले. मग खाडाखोड केली की शेजारी सही करायची, या जुन्या सवयीने त्यांनी रेघेजवळ सही केली. खाली तारीखही घातली.

सही कोरडी होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. कागद परत मागतील असं मला वाटलं. त्यांनी मागितला नाही. मी तो तसाच रजिस्टर पोस्टाने पाठवला.

मान्यतेचं पत्र आलं तेव्हा मी वर्गात होतो. ते घेताना पोस्टमनकडे तात्यांनीच सही केली असणार, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. पाकीट जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेलं होतं, न फोडलेलं.

खोलीबद्दल ते तेव्हा बोलले नाहीत, नंतरही नाही. महिना संपत आला की मी पुस्तकं खोक्यात भरायचो. एक तारीख गेली की परत काढायचो.