गोदामातला सर्व्हर

"काबे, बिल निघून नाई राह्यलं, आन् तुया कॉम्प्युटरात वाघ कायले फिरून राह्यला?"

सेठ ओरडत होते. आमच्या सेठचा आवाज असा, की कृषी केंद्रातून ओरडले की पांढरकवड्याला हायवेवर उभ्या ट्रकांच्या काचा हलायच्या. काउंटरसमोर दोन गिऱ्हाइकं खताची चिठ्ठी घेऊन उभी, आणि बिलाच्या पडद्यावर खरोखर एक वाघ. चौकोनी ठोकळ्यांचा, पण वाघच.

"सेठ, अपडेट चालू आहे."

"वाघाचं?"

"सरकारकडून आलं. जंगल भाग आहे न आपला."

सेठनी माझ्याकडे बघितलं आणि कार्बन लावून हातानं बिल फाडलं. विश्वास ठेवला नाही. माझ्यावर कोणीच ठेवत नसे. मी सायकलवरून पडलो की गावात सांगायचो, रानडुक्कर आडवं आलं. दुसऱ्यांदा सांगताना डुकराची तीन व्हायची. लोक हसायचे आणि निम्म्याहून जास्त वजा करून ऐकायचे. तो हिशोब सगळ्यांना तोंडपाठ होता, म्हणून माझंही बरं चाललं होतं.

वाघाचं कारण सांगतो. ठोकळे रचून घरं बांधायचा एक गेम असतो. चौघांनी मिळून खेळायचं तर ते जग एका कॉम्प्युटरवर कायम चालू ठेवावं लागतं, बाकीच्यांनी आपापल्या ठिकाणाहून त्यात शिरायचं. तो सर्व्हर. गावात इन्व्हर्टर आणि इंटरनेटची बरी लाइन असलेलं एकच ठिकाण होतं, सेठचं दुकान, आणि तिथं बिलं बनवायला मी. सेठला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, उगाच त्यांना त्रास.

चौघांतला एक पुण्याला कंपनीत, एक फुलसावंगीला बापाच्या शेतात, तिसरा मी. चौथा माझ्या घराशेजारचा, बारावीपर्यंत एका बाकावरचा. तो लोकांच्या वावरात रोजानं फवारणी करायचा. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. दुपारी सेठ जेवायला गेले की गोदामात युरियाच्या पोत्यावर बसून सर्व्हर ज्या जुन्या कॉम्प्युटरवर होता त्यावरच खेळायचा. त्या सालांत बोंडअळीनं आमच्या भागातली कापसाची पऱ्हाटी आतून पोखरून टाकली होती. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. चौकात बसलं तरी हाच विषय, घरी गेलं तरी हाच. आम्हाला बसायला दुसरी जागा पाहिजे होती.

मूळ गेम आम्हाला पुरेना, म्हणून मॉड. मॉड म्हणजे त्या गेमला लोकांनी घरबसल्या शिवलेली ठिगळं. एकेक मॉड उतरायला आमच्या लाइनवर एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात तुरीला फुलं येऊन शेंगा धरायच्या. पुणेवाल्यानं वाघ मागितला. शेजारच्यानं कापूस.

"यात नुसता गहू आहे बे. गहू कोण लावते आपल्याकडं?"

कापसाचं मॉड टाकलं, पण वाघ आणि कापूस एकत्र आले की आख्खं जग धाडकन बंद. तेव्हा मी जी काळजी घेतली तशी कोणी पोटच्या पोराची घेतली नसेल. जगाची एक नक्कल बाजूला ठेवायची. एकच मॉड टाकायचं, सर्व्हर चालू करायचा, मशीन काय तक्रार लिहिते ती ओळ न् ओळ वाचायची. मग दुसरं. कोणाचं कोणाशी जमतं, कोणाचं नाही, याची मी वही केली होती. शेवटी सापडलं: दोन्ही मॉडनी आतून एकच नंबर धरला होता. एका फाइलीत कापसाचा नंबर बदलला आणि वाघ शांतपणे पऱ्हाटीतून चालू लागला.

शेजारच्यानं पहिला कापूस वेचला. मग म्हणाला, "अळी नाई न टाकली यात?"

"टाकू का?"

"राहू दे."

त्यानंतर आठवडाभरात तो काउंटरवर आला. गोदामात नाही, गिऱ्हाईक म्हणून, वावराच्या मालकाची चिठ्ठी घेऊन. एका औषधानं अळी मरत नव्हती. मी पडद्यावर रेल्वेचं मॉड बसवत होतो. मान न वळवता दोन डबे पुढं सरकवले.

"दोन्ही एका पंपात टाक. वरून झाडाचं टॉनिक मार. अळी काय, अळीचा आजा मरते."

"चालते न मिसळलं?"

"मी सांगून राह्यलो न."

तो गेला. मी रेल्वेसाठी आधी जगाची नक्कल काढून ठेवली.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. हे मी फुगवत नाही. आत शिरलं की फवारा वरून स्वतःच्याच तोंडावर यायचा. तोंडाला रुमाल, अंगात बनियन. दुपारपर्यंत त्यानं फवारलं, मग वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून ओकायला लागला. ऑटोत टाकून यवतमाळला नेला. मी दवाखान्यात गेलो तर वॉर्डात ओळीनं फवारणीवालेच. काहींचे हात पट्टीनं खाटेला बांधलेले, कारण शुद्ध नसताना ते झटके द्यायचे. त्याचेही बांधलेले. जे दिसलं ते फुगवून सांगायला जागाच नव्हती.

सर्व्हरवर बाकीचे दोघं विचारायचे, तो कुठाय. मी सांगितलं, मामाच्या गावी, मामाला बिबट्या दिसला म्हणून. दोघं हसले. मग मी सर्व्हर बंद केला.

तो घरी आला तेव्हा वेचणी चालू झाली होती. उजवा डोळा सावरला होता. डाव्यात नुसतं पांढरं. बाजेवर बसला होता. त्या बाजूनं मी जवळ गेलो तरी बोलेपर्यंत ओळखलं नाही. त्याच्या आईनं चहा दिला, मला आधी.

आई आत गेल्यावर मी सांगून टाकलं. डब्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, दुसऱ्या औषधात मिसळू नये. तो ओकला त्या संध्याकाळी मी ते पहिल्यांदा वाचलं. त्याआधी कितीजणांना काय काय मिसळायला सांगितलं, आठवत नाही. त्याची वही नव्हती.

तो ऐकत होता. चहावर साय धरली.

"आख्ख्या गावाले माहीत आहे मी फेकतो," मी म्हणालो. "तुले तर सगळ्यात जास्त. आजपर्यंत माही एक गोष्ट तू खरी मानली नाई. मंग हेच काहून ऐकलं बे?"

"तू दुकानात बसून सांगतलं," तो म्हणाला.