जयवंताबाईची घळ

पूर्णेच्या काठाला, दर्यापूरकडे आमचं गाव. इथली काळी माती वीत-दोन वीत नाही, पुरुषभर खोल आहे. एवढी माती आली कुठून, हे जयवंताबाईला कोणी शिकवलं नव्हतं. उघाडीच्या दिवशी उत्तरेला मेळघाटचे निळे डोंगर दिसले की ती म्हणायची, "ते झिजून राह्यले, अन् आपन खाऊन राह्यलो."

जयवंताबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या वावराच्या कडेला मोठी घळ आहे, तीस हात खोल. पाहुणे विचारतात, ही नदीचीच फांदी का? ती त्यांना आधी काठापासून मागे घेते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी झड लागली होती. सहा दिवस सूर्य नाही. कपाशीच्या, आमच्या पऱ्हाटीच्या, मुळाशी पाणी साचलं, पानं पिवळी पडली. नवरा परगावी अडकलेला. एकोणीस वर्षांच्या जयवंताबाईने फावडा उचलला आणि नदीकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून पाण्याला हातभर रुंद वाट करून दिली. दुपारपर्यंत वावर मोकळं झालं. सासऱ्यांनी गावभर सुनेचं कौतुक सांगितलं. उभं पीक बुडताना बघत बसणं आमच्याकडे कोणालाच जमत नाही.

पुढच्या वर्षी ती वाट दोन हात झाली. आमची माती उन्हाळ्यात भेगाळते. पावसाचं पाणी भेगेत उतरतं, आतल्या आत जमीन पोखरतं, वरून काहीच कळत नाही. मग एका सकाळी जमीन बसते. अशा तीन बाभळी गेल्या, बैलांना पाणी पाजायचं दगडी टाकं गेलं, दीड एकर वावर गेलं.

तरीही उन्हाळ्यात जयवंताबाई घळीत उतरायची. उभ्या भिंतीवरून हात फिरवायची. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, मग चुनखडीचे पांढरे खडे आणि अगदी तळाशी वाळूत रुतलेले गोल गोटे. एक गोटा तळहातावर धरून ती कितीतरी वेळ उभी राहायची. डोंगरावरचा टोकदार दगड लोळत लोळत असा गुळगुळीत व्हायला किती पावसाळे लागले असतील, याचा तिला अंदाजच यायचा नाही.

मागच्या जुलैत पुन्हा झड लागली. घळीचं टोक आता शेजारच्या गोवर्धनच्या धुऱ्याला भिडलं होतं. त्याची पऱ्हाटी घोटाभर पाण्यात होती. तो फावडा घेऊन धुऱ्यावर उभा राहिला. जयवंताबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चिखल तुडवत आली.

"गोवर्धना, तिथं नको फोडू."

"काहून, काकू? माही पऱ्हाटी सडून राह्यली ना!"

"ही घळ नदीनं नाई केली. म्या केली. असाच फावडा होता माह्या हाती."

गोवर्धन हसला. "काकू, फेकाले बी काही हद्द असते! एवढं खोल तं जेसीबीच्यानं होत नाई."

ती काही बोलणार तोच समोरच्या काठाला चीर गेली. बैलगाडीएवढा मातीचा ढेपा, त्यावरच्या हिरव्या पऱ्हाटीसकट, उभाच्या उभा खाली सरकला. धप्प एवढाच आवाज आला. पाण्याने तो घेरला, विरघळवला, आणि बघता बघता तिथे नुसतं गढूळ पाणी वाहत राहिलं. दोघंही नकळत मागे सरले.

"पाह्य, पाह्य!" जयवंताबाईचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "डोंगरातून आलेली माती पुन्हा निंगाली."

फावडा खाली टेकवत गोवर्धन म्हणाला, "मंग पानी काढू कुठून?"

"माह्या वावराच्या कडेनं ने. तिथं गवत हाय. पानी हळू जाईन, माती नेनार नाई."

"हळू गेलं तं माहे खालचे तास बुडतीन."

"बुडतीन. माहे बी बुडतीन."

पाणी उतरायला तीन दिवस लागले. गोवर्धनच्या पऱ्हाटीचे सहा तास, म्हणजे सहा ओळी, सडले, जयवंताबाईचे चार. "बुढीनं माहे सहा तास खाल्ले," असं तो पारावर सांगत फिरला.

उघाड पडल्यावर मात्र तो एकटाच घळीवर गेला. टोक होतं तिथेच होतं, धुरा शाबूत होता. जयवंताबाई गवताच्या पट्ट्याशेजारी पऱ्हाटी निंदत होती. त्याने विचारलं, "काकू, तवा फावडा किती येळा मारला होता?"

"चार-पाच येळा असंन. माती वली होती."

गोवर्धन काठापासून चार पावलं मागे बसला आणि खाली बघतच राहिला.