आईला कुणाच्या गाडीत बसवायचं

गाव सोडलं ते बटाट्याच्या ट्रकमधून. खटावकडून मुंबईच्या बाजाराला निघालेला ट्रक, ड्रायव्हर यांच्या ओळखीचा, म्हणून आम्हा नवराबायकोला पुढं केबिनमध्ये जागा मिळाली. मांडीवर स्टोव्ह, पायाखाली भांड्यांचं पोतं आणि गुडघे थेट हनुवटीला. आई रस्त्याकडेला उभी होती. रडली नाही. "अंग चोरून बस गं, डायवरला तरास नगं," एवढंच म्हणाली. ट्रक वळला तेव्हा मीच हमसून रडले, आणि त्या भल्या माणसानं हॉर्न वाजवून माझं रडणं झाकलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. यांना तारापूरच्या वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तुम्ही जे मागं राहिलात, तुम्हाला वाटायचं आम्ही शहरात गेलो. कसलं शहर? सरावलीत पत्र्याची एक खोली, पलीकडं भातखाचरं, आणि वारा फिरला की औषधाच्या बाटलीचं बूच उघडावं तसा वास. त्याच खोलीत पुढं माझे दोन्ही भाऊ आले. आधी दादा, मग धाकटा विलास. दोघांनाही यांनीच कामाला चिकटवलं. चौघं एका खोलीत झोपत होतो आणि कूस बदलायची तर एकमेकांना सांगून बदलत होतो. तेव्हा जागा कमी पडते असं दोघांपैकी एकही कधी म्हणाला नाही. फुकटची जागा कुणाला कमी पडते?

मग दोघांचं बस्तान बसलं. दादा कारखान्यांना मजूर पुरवायला लागला आणि सालवडला ब्लॉकमध्ये राहायला गेला. विलासनं भंगाराचा धंदा काढला, पालघरच्या रस्त्याला बंगला बांधला. याचं मला वाईट वाटलं नाही, उलट मी पेढे वाटले. वाईट दिवस आले ते नव्वदनंतर, दादाकडं व्हॅन आली तेव्हा. तिच्या मागोमाग विलासनं ती उंच, लांबलचक मोठी गाडी आणली. तिला जीप म्हटलेलं त्याला खपत नसे.

तिथून पुढं दर रविवारी दादाच्या घरी चहा आणि गाड्यांचं पारायण.

"सरकतं दार आहे," दादा म्हणायचा. "वाकायला नको, चढायला नको. तुझ्या गाडीला शिडी लावावी लागते."

"डब्यात बसण्यापेक्षा बैलगाडी बरी," विलास म्हणायचा. "पुढच्या सीटखाली इंजिन. बसलं की खालून शेक. बाळंतिणीला द्या ती गाडी. माझ्यात पूरी फॅमिली आरामसे." भंगारवाल्यांत राहून त्याचा आराम हिंदीत गेला होता.

"आरामसे म्हणे! मागं आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि घाटात एकमेकांच्या मांडीत ओकायचं."

एवढ्या आरामाच्या गाड्या, पण सीटवरचं प्लास्टिक दोघांनीही काढलं नव्हतं. उन्हाळ्यात उठताना पोटऱ्या सोलून निघायच्या. विलासच्या गाडीत तर चपला हातात घेऊन चढायचं, गाभाऱ्यात शिरावं तसं. आणि ही सगळी जागा कुणासाठी? व्हॅनमध्ये दादा एकटा, मोठ्या गाडीत विलास आणि त्याचा वजनकाटा. मी सरावलीहून सालवडला चालत जायची, चालत यायची. पावसातसुद्धा 'सोडतो' म्हणून कुणी उठलं नाही. चिखल लागतो ना!

अशात गावाहून शेजारच्या सदाकाकांचा फोन आला. आईला दिसेनासं झालं होतं. चुलीतलं लाकूड म्हणून तिनं निखाऱ्यातच हात घातला होता. आता तिला एकटीला ठेवू नका, न्यायला या, तीही यायला तयार आहे, असं काका म्हणाले. ती तयार होती ती मुलांकडं यायला, हे मला सांगायला नको होतं. दोन मुलगे असताना लेकीच्या दारात राहणं म्हणजे मुलांची अब्रू वेशीवर टांगणं, असं ती जन्मभर मानत आली. आणि ज्याच्या गाडीतून आई येणार, त्याच्याच दारात ती उतरणार आणि तिथंच राहणार, हे माझ्या दोन्ही भावांना चांगलं कळत होतं.

त्या रविवारी दादानं घसा साफ केला. "विलास, तुझीच गाडी न्यावी. उंच आहे, धक्के लागत नाहीत. म्हातारीला पाय पसरून झोपता येईल."

"छे छे, दादा," विलास म्हणाला. "ती चढणार कशी? तुझी व्हॅनच बरी. दार सरकवलं की घरात पाऊल टाकल्यासारखं."

"पण खालून इंजिन तापतं. तिच्या भाजलेल्या हाताला उष्णता बरी नाही."

"मागं बसव की. तुझ्या मागच्या सीटवर काय ऐसपैस जागा आहे!"

जन्मात पहिल्यांदा दोघं एकमेकांच्या गाडीची तारीफ करत होते. इतका बंधुभाव मी त्यांच्यात लहानपणीही पाहिला नव्हता. वहिनी चहा घेऊन आल्या आणि ब्लॉकमध्ये संडास आतल्या बाजूला असल्यानं म्हाताऱ्या माणसाला कोंडल्यासारखं होईल, असं उगाचच सांगून गेल्या.

"न्यायला कोण जातंय, तेवढं सांगा," मी म्हणाले.

"सुमन, तू भावनेच्या भरात बोलतेस," दादा म्हणाला. "प्रश्न तिच्या आरामाचा आहे."

मी चहा न पिता उठले. घरी आले तर ओट्यावर शेजारची जानकीबाई. ती डोंगराकडची. पावसाळाभर गावी भात लावायची आणि उरलेलं वर्ष आमच्या आळीत राहून बांधकामावर जायची. तिच्यापुढं मी भडाभडा ओकले.

"म्हातारीला आनाला गाडी कशाला पायजे, ताय?" ती म्हणाली. "आमी आमचे आयेला झोलीत घालून आनली डोंगरावरून. त्याला सीट नाय ना काय नाय."

यांनी तेवढंच ऐकलं आणि म्हणाले, "तू जा. माझ्या डब्याचं मी बघतो." दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले.

आई ओसरीवर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, बोचकं बांधून. पावलं ओळखली तिनं माझी. पण तोंड माझ्याकडं केलं नाही. त्या पांढरट डोळ्यांनी माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिली.

"मागनं कोन येतंय?"

"कुणी नाही, आई."

"गाडी लांब लावली आसंल."

खोटं बोलता आलं असतं, पण मी बोलले नाही. झालं ते सगळं सांगितलं. ती बोचक्याची गाठ चाचपू लागली.

"कामं आसत्याल पोरास्नी," म्हणाली. मग, "आन् मी कुनाकडं यायचं?"

"माझ्याकडं."

"लोक नावं ठेवत्याल त्यास्नी."

"ठेवू देत. मी सुरुवात केलेलीच आहे."

आली ती. खोलीत दाराजवळ तिची खाट टाकली. पण आळीत कुणीही विचारलं की सांगायची, "पोराकडं आले हाय." तिला न्हाऊ घालायची मी, ताटातला घास हाताला लावून द्यायची मी, आणि नाव मिरवायचं त्या दोघांचं! माझं डोकं तडकायचं. शेवटी एकदा जानकीबाईनंच विचारलं, "कंचा पोरगा, आये? आमाला तं कंदी दिसला नाय."

आईनं चाचपडत माझा पदर धरला. "ह्यो काय माझा ल्योक."

दुसरी कुणी असती तर गहिवरून गळ्यात पडली असती. मला रागच आला. "आई, शिव्या दे मला, पण मुलगा म्हणू नकोस," मी म्हणाले. "मुलगे बघितलेत मी."

जानकीबाई खो खो हसली. आई हसली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली, रात्री जेवलीही नाही.

पुढच्या रविवारी विलासची गाडी आमच्या आळीत शिरली. पाण्याचा टँकर मागं अडकला, बायका हंडे घेऊन खोळंबल्या. विलासनं इंजिनही बंद केलं नाही. सासरवाडीची माणसं येणार होती, त्यांच्यापुढं घरात आई दिसायला हवी होती. "आई, चल. दोन दिवस आपल्या घरी. गाडी बघ कशी ऐसपैस आहे," तो दारातून म्हणाला.

आई खाटेवर उठून बसली. हंड्यांपाशी उभ्या असलेल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पावन्यास्नी सांग, आई लेकीकडं ऱ्हाती. कायमची."

विलासनं मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. सगळ्यांनी ऐकलं होतं. तो गेल्यावर आईनं भाजलेला हात माझ्यापुढं केला. मी तो नुसता धरून बसले.

गावाकडून तुमचे निरोप येतात. घराचं कुलूप गंजलंय, घरी कधी येणार, असं विचारता. त्या घरात जे होतं ते दाराजवळच्या खाटेवर झोपलेलं आहे. लेकीकडं राहण्याची आयुष्यभराची लाज तिनं अख्ख्या आळीसमोर माझ्या उंबऱ्यात सोडली. मग आणखी कुठल्या घरी येऊ मी?